मांजराला डायबेटिस झाला तर: घरी साखर मोजणं, इन्शुलिन देणं आणि रोजची काळजी

आमच्या गोट्याचा डायबेटिस सगळ्यात आधी मुंग्यांना कळला. बाथरूमच्या कोपऱ्यात त्याचा वाळूचा ट्रे असतो. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्या ट्रेभोवती बारीक मुंग्यांची रांग लागायला लागली. मी ट्रे धुतला, फरशी पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. सासूबाईंना स्वतःला बरीच वर्षं डायबेटिस आहे. त्यांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, मुंग्या शूला लागताहेत. बोक्याची साखर तपासून घे." तपासली, ४१२ निघाली.

ज्यांच्या मांजराचा रिपोर्ट कालच आलाय आणि आज संध्याकाळी पहिली सुई द्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इन्शुलिन कोणतं आणि किती, हे तुमच्या मांजराला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. घरी काय करायचं ते इथे आहे. त्यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: आधी मोजायचं, मग टोचायचं.

लक्षणं आणि खात्री

मांजर खूप पाणी पितं, खूप शू करतं, सारखं खायला मागतं आणि तरी वाळत जातं. ट्रेमधले ओल्या वाळूचे गोळे लिंबाएवढे असायचे ते मोसंब्याएवढे होतात. पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. गोट्याचं आणखी एक झालं होतं, ते आम्हाला म्हातारपण वाटलं: चालताना मागचे पाय घोट्यापर्यंत फरशीला टेकायचे. मांजर एरवी बोटांवर चालतं. साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि ते असं टाचा टेकून चालायला लागतं. साखर ताब्यात आली की बहुतेकदा हे सुधारतं, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

दवाखान्यात घेतलेल्या एकाच आकड्यावर निदान होत नाही. टोपलीत कोंडून, रिक्षातून, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी बसवून आणलेल्या निरोगी मांजराची साखरही भीतीने ३०० पर्यंत जाऊ शकते. म्हणून डॉक्टर लघवीतली साखर बघतात आणि फ्रुक्टोसामिन नावाची रक्ततपासणी करतात. मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर सरासरी कशी होती ते त्यातून कळतं, घटकाभराच्या भीतीने ती बदलत नाही. ही तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

आणि एक गोष्ट आपण होऊन सांगा: खाज, दमा किंवा हिरड्यांच्या सुजेसाठी मांजराला मागच्या काही महिन्यांत स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या होत्या का. स्टेरॉइडमुळे डायबेटिस उद्भवू शकतो. किडलेले दात आणि लघवीचा संसर्ग यांनीही इन्शुलिनचा उपयोग कमी होतो, तेव्हा ते आधी किंवा बरोबरीने बरं करावं लागतं. वय झालेले, नसबंदी केलेले, घरातच राहणारे गुबगुबीत बोके यात जास्त सापडतात. गोट्या अगदी तसाच.

सामान आणतानाची मोठी चूक

ग्लुकोमीटर, त्याच्या स्ट्रिप, टोचायच्या बारीक सुया म्हणजे लॅन्सेट, इन्शुलिन, सिरिंज, कापूस, एक वही. इतकंच लागतं. मीटर माणसांचा चालतो. मात्र माणसांच्या रक्तासाठी बनवलेला मीटर मांजराची साखर खरी असते त्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, कारण दोघांच्या रक्तात साखरेची पेशी आणि पाणी यांमधली वाटणी वेगळी असते. प्राण्यांसाठीचे खास मीटर मिळतात, पण त्यांच्या स्ट्रिप महाग आणि मिळायला अवघड. आम्ही माणसांचाच वापरतो. कोणता मीटर आहे ते डॉक्टरांना सांगून ठेवा आणि मधेच बदलू नका.

आता सिरिंज. हे दोनदा वाचा.

आपल्याकडे इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोघांच्या सिरिंज वेगळ्या: यू-४० ची टोपी लाल, यू-१०० ची केशरी. मांजरांना बरेचदा ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन देतात, ते सहसा यू-१०० असतं. प्राण्यांसाठी खास बनवलेली काही इन्शुलिनं यू-४० असतात. ग्लार्जिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 'एक' च्या रेघेपर्यंत भरलं तर आत अडीच युनिट जातात. माणूस कदाचित निभावेल, पाच किलोचं मांजर त्याने दगावू शकतं.

आमच्या बाबतीत हे होता होता राहिलं. औषधाच्या दुकानातून मी "इन्शुलिनची सिरिंज" एवढंच मागितलं आणि लाल टोपीच्या मिळाल्या. सासूबाई स्वतः यू-४० घेतात, त्यामुळे घरातही सगळ्यांच्या डोळ्यांना तोच रंग सवयीचा. पहिल्या संध्याकाळी सिरिंज भरताना कुपीवरचा १०० आकडा आणि सिरिंजवरचा ४० आकडा शेजारी शेजारी दिसले म्हणून हात थांबला. तेव्हापासून फ्रीजमध्ये दोन स्वतंत्र डबे आहेत. सासूबाईंचा स्टीलचा, गोट्याचा निळ्या प्लॅस्टिकचा, आणि ज्याची त्याची सिरिंज ज्याच्या त्याच्या डब्यात. दुकानात "यू-१००, शक्यतो अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली, ०.३ मिलिची" असं चिठ्ठीवर लिहून द्या. मांजराचा डोस बहुधा एक युनिटच्या आसपास सुरू होतो, तिथे अर्ध्या युनिटलाही किंमत आहे. साध्या पेनवर एकेका युनिटचेच टप्पे असतात, म्हणून सिरिंज बरी.

इन्शुलिन फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरला चिकटून नको. एकदा गोठलं की टाकून द्यायचं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, गढूळ दिसलं तर वापरू नका आणि ते खळखळा हलवूही नका. गढूळ इन्शुलिन कसं मिसळायचं हे त्या त्या औषधावर अवलंबून असतं, ते वेष्टनातल्या कागदावर वाचा. उघडलेल्या इन्शुलिनची ताकद जुनं झालं की कमी होते, म्हणून कुपी उघडल्याची तारीख स्केच पेनने तिच्यावरच लिहून टाका.

कानातून रक्त घेणं

याचीच सगळ्यांना धास्ती असते, मलाही होती. सुई सुरू व्हायला वेळ असेल तर पहिले तीन दिवस मीटर काढूच नका; आजच सुरू करायची असेल तर तोवर मोजायचं कसं ते डॉक्टरांना विचारा. रोज त्याच वेळी, त्याच जागी मांजराला घेऊन बसा, कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळा आणि उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. इतकंच. आमची जागा म्हणजे बाल्कनीच्या दारातली सतरंजी, कारण तिथे उजेड चांगला येतो. चौथ्या दिवशी सतरंजी अंथरली की गोट्या आपण होऊन येऊन बसला.

मग असं करा. स्ट्रिप मीटरमध्ये आधीच घालून ठेवा. जुन्या सुती मोज्यात मूठभर कोरडे तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कोमट करा आणि आपल्या मनगटावर लावून बघा. मनगटाला सुखाचं वाटलं तर तो मोजा मांजराच्या कानाला अर्धा मिनिट लावा. गार कानातून रक्त येत नाही, बहुतेकांचं पहिल्यांदा जमत नाही ते याचमुळे. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर गेलेली असते, उजेडात धरलं की दिसते. टोचायचं ते शिरेत नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. कानाच्या मागे घडी केलेला कापूस धरा म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. केसाळ जागा असेल तर व्हॅसलिनचं बारीकसं बोट फिरवा, रक्त पसरत नाही, थेंब गोल उभा राहतो. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब पुरतो. स्ट्रिपचं टोक थेंबाला टेकवा, ती आपोआप ओढून घेते. मग कापसाने अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर कान काळानिळा पडतो. आणि चिकनचा तुकडा द्या, रक्त आलं असो वा नसो.

दोनदा टोचून रक्त आलं नाही तर थांबा, वीस मिनिटांनी पुन्हा. झटापट केलीत तर साखर भीतीनेच चढेल आणि आलेला आकडा काही कामाचा राहणार नाही.

हे अजिबात जमत नसेल तर त्वचेवर चिकटवायचा फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर डॉक्टर लावून देतात. तो माणसांत चौदा दिवस टिकतो. मांजरं बरेचदा त्याआधीच तो काढून टाकतात, तरी आठवडाभराची माहितीही खूप असते.

सुई देणं

कान टोचण्यापेक्षा हे सोपं आहे. सिरिंजची सुई इतकी बारीक असते की खात असलेलं मांजर पुष्कळदा मान वर करूनही बघत नाही.

क्रम असा: साखर मोजा, खायला द्या, खाताना बघा, मग सुई. दोन सुयांमध्ये बारा तास. आमच्याकडे सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सुरुवातीच्या दिवसांत साखर किती असली तर सुई द्यायची नाही, हा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आम्हाला त्यांनी २०० दिला होता: २०० च्या खाली असेल तर सुई नाही, फोन करायचा. मांजराने खाल्लं नाही किंवा उलटी केली, तरीही आधी फोन.

मानेपासून कुल्ल्यापर्यंत दोन्ही कुशींवरची कातडी सैल असते. चिमटीत धरून ती थोडी उचला, खाली तंबूसारखी पोकळी होते. तिच्यात सुई आडवी जाऊ द्या, दट्ट्या दाबा, मनात तीन मोजा, बाहेर काढा. रोज जागा बदला. आरपार जाऊन केसांत औषध सांडणं ही नेहमीची चूक, म्हणून नंतर तिथले केस चाचपून बघा. ओले लागले किंवा इन्शुलिनचा तो दवाखान्यासारखा वास आला तर औषध बाहेर गेलं. अशा वेळी पुन्हा सुई देऊ नका. किती आत गेलं ते आपल्याला कळलेलं नसतं. एक डोस हुकला तर साखर बारा तास चढी राहील, त्याने सहसा काही बिघडत नाही. डबल डोसने जीव जातो. घरात दोघं जण सुई देत असतील तर वहीत खूण केल्याशिवाय दुसऱ्याने डब्याला हात लावायचा नाही.

वही आणि दिवसभराचा आलेख

वहीत तारीख, वेळ, साखर, डोस, किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, आणि दर रविवारी वजन. वजनासाठी मांजराला घेऊन काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

डॉक्टर सांगतील तेव्हा एक दिवस दर दोन तासांनी साखर मोजायची असते. गोट्याचा तिसऱ्या आठवड्यातला दिवस असा होता: सकाळी ७ ला ३४०, ९ ला २६०, ११ ला १७५, दुपारी १ ला १२८, ३ ला १५०, ५ ला २३०, संध्याकाळी ७ ला ३१०. फक्त सकाळ-संध्याकाळचे आकडे बघितले असते तर मला वाटलं असतं, इन्शुलिन काहीच करत नाही, वाढवा. खरं तर दुपारी एकला साखर १२८ पर्यंत आली होती. अजून एक युनिट वाढवलं असतं तर त्याच एक वाजता, मी ऑफिसात असताना, घरात बोका बेशुद्ध पडला असता. डोस ठरतो तो या सगळ्यात खालच्या आकड्यावरून. तो साधारण ८० ते १५० च्या दरम्यान यावा आणि दिवसाचा बराचसा वेळ साखर ३०० च्या खाली राहावी, इतकं उद्दिष्ट पुरतं. माणसांसारखी अगदी काटेकोर साखर ठेवायच्या मागे लागू नका. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती साधारण २५० ते २९० च्या पुढे गेल्यावरच, आणि त्याच्या आत राहिलं की तहान आणि शू दोन्ही कमी होतात.

डोस बदलल्यावर पाच-सात दिवस तसाच चालू द्या. बदल अर्ध्या किंवा एका युनिटचा, आणि तोही डॉक्टरांना वही दाखवून. आम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवतो.

ताटलीत काय

मराठी घरातलं मांजर दूध-पोळीवर, दूध-भातावर वाढलेलं असतं. ते बंद करावं लागतं, आणि पाकिटातले कोरडे दाणेही. मांजर मुळात मांसाहारी, पिष्ट पचवायची त्याची ताकद बेताची. कोरडे दाणे बनवायलाच पीठ लागतं. डबा-पाऊचमधलं ओलं खाणं बहुतेकदा बरं, पण घट्ट रश्शाचं नको, तो रस्साही पिठानेच घट्ट केलेला असतो.

लेबलवर पिष्ट लिहिलेलं नसतं, पण काढता येतं. १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. समजा एका पाऊचवर प्रथिनं १०, चरबी ५, तंतू १, पाणी ८०, राख २ असं आहे, तर पिष्ट राहिलं २. आता उष्मांक: प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीनने, चरबीला साडेआठने गुणा. ३५, ४२.५ आणि ७, एकूण ८४.५. त्यात पिष्टाचे ७, म्हणजे सुमारे ८ टक्के. हा वाटा १२ टक्क्यांच्या आत असावा. हेच गणित प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, पाणी १०, राख ८ अशा कोरड्या दाण्यांचं केलंत तर ३६ टक्क्यांवर जातं.

मात्र इन्शुलिन चालू असताना खाणं एका दिवसात बदलू नका. पिष्ट कमी झालं की साखर झपाट्याने उतरते आणि कालचाच डोस आज जास्त होतो. डॉक्टरांना सांगून, रोज मोजत, आठवडा-दोन आठवड्यांत बदल करा. नुसतं उकडलेलं चिकन किंवा बांगडा हा पूर्ण आहार नाही. त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं, आणि मांजराला लागणारं टॉरिन उकडताना पाण्यात निघून जातं. वजन कमी करायचं असेल तरी उपाशी ठेवायचं नाही. जाड मांजर काही दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं.

कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, घरातल्या कुणाच्या मेटफॉर्मिनची अर्धी गोळी, यातलं काहीही देऊ नका. प्रेमाने सांगणारे खूप भेटतील. परदेशातले नातेवाईक गोळीबद्दल सांगतील, तेही अर्धवट खरं आहे. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनच्या द्रावणाला मान्यता मिळाली. पण आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरांना ती देत नाहीत, कारण त्यांच्यात साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचायचा धोका असतो.

साखर उतरली तर

७० च्या खाली आकडा किंवा ही लक्षणं: पाय लटपटणं, एकाएकी वखवखल्यासारखं खाणं, कुठेतरी कोपऱ्यात गुंगून बसणं, थरथर, झटके. मीटर शोधत बसू नका. मांजर शुद्धीवर असेल आणि खात असेल तर लगेच खायला द्या, इथे कोरडे दाणे चालतात. खात नसेल तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पातळ काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. चोळत चोळतच दवाखाना गाठा. शुद्धीवर आलं तरी इन्शुलिनचा अंमल अजून बाकी असतो, त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजत राहावं लागतं. आमच्याकडे मधाची छोटी बाटली मीटरच्याच डब्यात असते. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, ते आजच शोधून नंबर फ्रीजच्या दारावर चिकटवा.

उलट बाजूचा धोका म्हणजे कीटोन. साखर खूप दिवस चढी राहिली, त्यात संसर्ग झाला, की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साचतं. मांजर खाणं सोडतं, उलट्या करतं, मलूल पडून राहतं. लघवीची कीटोन स्ट्रिप औषधाच्या दुकानात मिळते. लघवी धरायला लांब दांड्याची जुनी पळी वापरा, बोका ट्रेमध्ये बसला की मागून अलगद खाली सरकवायची. स्ट्रिप जांभळट झाली आणि मांजर खात नसेल तर सकाळची वाट बघायची नाही.

इन्शुलिन सुटेल का

काही मांजरांचं सुटतं. निदान लवकर झालं, पहिल्या काही महिन्यांत साखर नीट ताब्यात आली आणि पिष्ट कमी केलं, तर स्वादुपिंडाला उसंत मिळते आणि ते पुन्हा काम करायला लागतं. याची चाहूल वहीत लागते: डोस तोच असून सगळ्यात खालचा आकडा आठवड्यागणिक खाली यायला लागतो, सुईच्या वेळी साखर १५० च्या आसपासच असते. इथे आपल्या मनाने सुई बंद करू नका. डॉक्टर अर्ध्या अर्ध्या युनिटने उतरवत आणतात. बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा मोजणं आणि तेच खाणं चालू ठेवायचं, कारण डायबेटिस परत येऊ शकतो, आणि स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शनही त्याला निमित्त पुरतं. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर पहिल्या वाक्यात हे सांगा.

गोट्याचं सुटलेलं नाही. तो दोन वेळा दीड युनिट घेतो. मागचे पाय चौथ्या महिन्यात सरळ झाले, आणि ट्रेभोवती मुंग्या दिसल्या की मी आता सगळ्यात आधी कुपी उघडल्याची तारीख बघते.